सर्व्हर कुठल्या पत्त्यावर ऐकतोय? वाइल्डफ्लाय आणि टॉमकॅटच्या बाइंड ॲड्रेसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फाउंड्र्या, मार्केट यार्डातली अडत दुकानं, दोन-चार पतसंस्था. यांचे जावा ॲप्लिकेशन सर्व्हर सांभाळताना तेच तेच प्रश्न फोनवर आणि व्हॉट्सॲपवर येत राहतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. बहुतेकांकडे वाइल्डफ्लाय आहे. म्हणजे जुना जेबॉसच, २०१४ साली आठव्या आवृत्तीपासून त्याचं नाव बदललं. काहींकडे टॉमकॅट आहे, त्यांनी थेट प्रश्न १२ वाचला तरी चालेल. कमांडी फोनवर सांगतो तशाच उच्चाराने लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे रोमनच टाका.

१. सर्व्हर चालू आहे, त्याच मशीनवर पान उघडतं, पण शेजारच्या टेबलावरून उघडत नाही. असं का?

कारण वाइल्डफ्लाय मुळात फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकतो. हा पत्ता म्हणजे मशीनचा स्वतःशीच बोलायचा पत्ता, लूपबॅक. बाहेरच्या केबलवरून आलेली विनंती तिथपर्यंत पोचतच नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन शटर असतात, एक रस्त्याकडे, एक आतल्या बोळाकडे. बाइंड ॲड्रेस म्हणजे त्यातलं कुठलं शटर वर आहे एवढंच. बोळात राखणदार उभा आहे का (फायरवॉल), गिऱ्हाइकाला दुकानाचा रस्ता माहीत आहे का (राउटिंग, डीएनएस), हे सगळे वेगळे प्रश्न. निम्मे फोन या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळेच येतात.

हा बिघाड नाही, मुद्दाम ठेवलेली खबरदारी आहे. जेबॉस पूर्वी सगळ्या पत्त्यांवर ऐकायचा. ४.२ आवृत्तीपासून तो फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे लूपबॅकवर, ऐकू लागला, कारण लोक कंसोल (सर्व्हर सांभाळायची पानं) उघडे टाकून घरी जात होते.

२. मग पत्ता बदलायचा कुठे?

तीन जागा आहेत. तात्पुरतं बघायचं असेल तर चालू करतानाच सांगा: स्टँडअलोन डॉट एसएच, मग जागा सोडून डॅश बी, मग जागा सोडून पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. विंडोजवर डॉट एसएच ऐवजी डॉट बॅट, बाकी तेच.

कायमचं करायचं असेल तर स्टँडअलोन डॉट एक्सएमएल उघडा आणि शेवटाकडे जा. तिथे इंटरफेसेस नावाच्या भागात मॅनेजमेंट आणि पब्लिक असे दोन इंटरफेस दिसतील. पब्लिकच्या आत डॉलर आणि महिरपी कंसात जेबॉस डॉट बाइंड डॉट ॲड्रेस, मग कोलन, मग १२७.०.०.१ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ: वरून पत्ता दिला असेल तर तो घे, नसेल तर कोलनपुढचा. डॅश बी हीच प्रॉपर्टी भरतो. म्हणून एखाद्याने इथे थेट आकडे लिहून ठेवले असतील तर तुम्ही डॅश बी ने काहीही द्या, सर्व्हर ढुंकून बघणार नाही. "डॅश बी चालत नाही" अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हीच ओळ वाचून दाखवायला सांगतो.

फाइल सर्व्हर बंद असताना बदला. चालू सर्व्हरला कंसोलमधून काही सांगितलं की तो आपल्या डोक्यातली प्रत फाइलवर लिहितो आणि तुमचा हाताने केलेला बदल पुसला जातो.

तिसरी जागा सीएलआय, म्हणजे वाइल्डफ्लायची कमांड लाइन. इंटरफेस पब्लिकवर राइट ॲट्रिब्यूट करून आयनेट ॲड्रेस बदलायचा आणि रीलोड द्यायचा. सर्व्हर लिनक्सच्या सिस्टिमडीखाली, म्हणजे मशीनसोबत आपोआप उठणारी सेवा म्हणून चालत असेल तर बाइंडचा पत्ता बहुधा सेवेच्या वेगळ्या कॉन्फ फाइलमध्ये असतो, ती आधी बघा.

३. ०.०.०.० म्हणजे नेमकं काय? सगळीकडे तेच टाकलं तर चालतं की!

चालतं. दोन्ही शटर वर आणि मागची खिडकीपण उघडी. ०.०.०.० हा खरा पत्ता नाही, तो "या मशीनवर जेवढे पत्ते आहेत त्या सगळ्यांवर" असा निरोप आहे. त्यामुळे ब्राउझरमध्ये कुणाला हा पत्ता देऊ नका. तिथे मशीनचा खरा आयपीच लागतो.

माझं मत विचाराल तर एकच नेटवर्क कार्ड असलेल्या, फायरवॉलमागच्या ऑफिस सर्व्हरवर पब्लिक इंटरफेसला ०.०.०.० द्यायला हरकत नाही. पत्ता बदलला तरी सर्व्हर उठतो (प्रश्न ६). दोन कार्डं असतील, व्हीपीएन असेल किंवा मशीन थेट इंटरनेटवर असेल तर नेमका पत्ता द्या. मॅनेजमेंट इंटरफेसला ०.०.०.० मात्र कधीच देऊ नका.

४. ९९९० पोर्टवरचा ॲडमिन कंसोल मला घरून बघायचा आहे. डॅश बी दिला तरी उघडत नाही.

डॅश बी फक्त पब्लिक इंटरफेसला लागू होतो. मॅनेजमेंटचा पर्याय वेगळा आहे, डॅश बीमॅनेजमेंट, सगळं जोडून. पण तो वापरण्याआधी थांबा. ज्याच्या हातात कंसोल आहे तो नवीन ॲप्लिकेशन चढवू शकतो, म्हणजे मशीनवर हवा तो कोड चालवू शकतो.

त्यापेक्षा एसएसएच बोगदा करा: एसएसएच, डॅश कॅपिटल एल, मग ९९९० कोलन लोकलहोस्ट कोलन ९९९०, मग नेहमीचं युजरनेम आणि सर्व्हर. हे चालू ठेवून घरच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट कोलन ९९९० उघडा. सर्व्हरवर काहीच बदलावं लागत नाही आणि शटर खालीच राहतं. कंसोल उघडला पण लॉगिन होत नाही, तर ॲड युजर स्क्रिप्टने मॅनेजमेंट युजर तयार करायचा राहिला आहे.

५. पत्ता बरोबर दिलाय, लॉगमध्ये चूक नाही, तरी बाहेरून उघडत नाही. आता काय?

अंदाज बांधत बसू नका, सर्व्हरलाच विचारा. लिनक्सवर एसएस डॅश एलटीएनपी, विंडोजवर नेटस्टॅट डॅश एएनओ. ८०८० ची ओळ शोधा. पुढे १२७.०.०.१ दिसलं तर बदल लागूच झालेला नाही, प्रश्न २ पुन्हा वाचा. खरा पत्ता किंवा ०.०.०.० दिसलं तर सर्व्हरचं काम झालं, दोष पुढे कुठेतरी आहे.

मग दुसऱ्या मशीनवरून कर्ल (पान मागवायची कमांड) मारा आणि चुकीचा मजकूर शब्दशः वाचा. "कनेक्शन रिफ्यूज्ड" म्हणजे मशीनपर्यंत पोचलात पण त्या पत्त्यावर त्या पोर्टला कुणी ऐकत नाही. नुसतं लटकून शेवटी "टाइमआउट" म्हणजे वाटेत कुणीतरी पाकीट गुपचूप टाकून देतंय, बहुतेक वेळा फायरवॉल. आणि पिंग चालतोय पण कर्ल "नो रूट टू होस्ट" म्हणतोय, हा रॉकी किंवा रेड हॅट लिनक्सवरचा ठेवणीतला गोंधळ. लोक राउटर बदलायला निघतात. रस्ता धडधाकट असतो; फायरवॉलडी, म्हणजे तिथली फायरवॉल, नकार देताना असाच निरोप पाठवतो. फायरवॉल सीएमडीने ८०८० टीसीपी पर्मनंट म्हणून उघडा आणि रीलोड करा.

६. काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालत होता, आज सकाळी "कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस" किंवा "फेल्ड टू रिझॉल्व्ह इंटरफेस" म्हणून उठतच नाही.

सांगितलेला पत्ता आज या मशीनवर नाही, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्यांदा आयपी ॲडर कमांडने मशीनचा आजचा पत्ता बघा.

शिरोलीतल्या एका फाउंड्रीत हे घडलं तेव्हा चूक माझीच होती. फाइलमध्ये मी १९२.१६८.१.५० लिहून आलो होतो, पण राउटरमध्ये तो पत्ता त्या मशीनसाठी राखून ठेवला नव्हता. रात्री लाइट गेली, राउटर आणि सर्व्हर दोन्ही नव्याने उठले आणि राउटरने शेवटी ५० ऐवजी ५७ दिला. सकाळी सातला पहिल्या पाळीची माणसं कार्ड पंच करायला रांगेत, आणि टाइम ऑफिसातले काका मला फोनवर सांगतायत, "साहेब, लाल अक्षरं आलीत नुसती." दुरुस्ती दोन मिनिटांची होती: राउटरमध्ये मॅक ॲड्रेसवर आयपी बांधून टाकला. रांग पांगायला अर्धा तास गेला.

दुसरं कारण घाई. सर्व्हर सेवा म्हणून मशीनसोबत उठते, पण कार्डाला पत्ता मिळायच्या आधीच. हाताने रीस्टार्ट केला की चालतो, ही त्याची खूण. सेवा फाइलमध्ये आफ्टर आणि वॉन्ट्स या दोन्ही ओळींत नेटवर्क डॅश ऑनलाइन डॉट टार्गेट लिहा. नुसतं नेटवर्क डॉट टार्गेट पुरत नाही. ते पत्ता मिळेपर्यंत थांबत नाही.

७. "ॲड्रेस ऑलरेडी इन यूज" येतंय.

हे प्रश्न ६ च्या उलट. पत्ता आहे, पण त्यावरचं पोर्ट आधीच कुणी धरलंय. प्रश्न ५ मधल्या कमांडीने प्रोसेस क्रमांक काढा. दहातल्या आठ वेळा तो तुमचाच आधीचा, अर्धवट बंद झालेला सर्व्हर असतो.

खरोखरच दोन सर्व्हर हवे असतील तर दुसऱ्याला पोर्ट ऑफसेट द्या. जेबॉस डॉट सॉकेट डॉट बाइंडिंग डॉट पोर्ट डॅश ऑफसेट ही प्रॉपर्टी १०० केली की ८०८० चा ८१८० होतो, ९९९० चा १००९० होतो. एकेक पोर्ट हाताने बदलू नका, एखादा राहतोच. मशीनला दोन आयपी असतील तर दोघांना एकाच पोर्टवर वेगवेगळ्या पत्त्यांवर बसवता येतं. फक्त एकानेही ०.०.०.० धरता कामा नये, नाहीतर दुसऱ्याला जागा उरत नाही. मॅनेजमेंटचे पत्तेही वेगळे करायला विसरू नका.

८. इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक आयपी घेतला, पैसे भरले. तो डॅश बी ला दिला तर सर्व्हर उठत नाही.

तो आयपी तुमच्या राउटरवर आहे, सर्व्हरवर नाही. आयपी ॲडरमध्ये जो पत्ता दिसत नाही त्यावर सर्व्हर ऐकू शकत नाही. सर्व्हरला आतला पत्ता द्या आणि राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा. ॲमेझॉनच्या ईसी२ मशीनवरही तसंच आहे: पब्लिक आयपीचा प्रायव्हेट पत्ता बाहेरच्या बाहेर केला जातो, मशीनला फक्त प्रायव्हेट पत्ता माहीत असतो.

९. सर्व्हरला दोन कार्डं आहेत, एक ऑफिसच्या नेटवर्कचं, एक वजनकाट्याचं. नेमकं एकावर कसं ऐकवायचं? आणि दोन्हींवर?

एकावर हवं तर त्या कार्डाचा पत्ता डॅश बी ला द्या, संपलं. पण वाइल्डफ्लायमध्ये याहून चांगली सोय आहे जी फारसं कुणी वापरत नाही. इंटरफेसच्या आत आयनेट ॲड्रेसऐवजी अट लिहिता येते. एनआयसी म्हणजे कार्डाच्या नावावरून, जसं ईएनपी३एस०. सबनेट मॅच म्हणजे नेटवर्कवरून, जसं १९२.१६८.१.० तिरकी रेघ २४. मला सबनेट मॅच आवडतं. पत्ता बदलला तरी नेटवर्क तेच राहतं, शिवाय कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं की त्याचं नाव बदलू शकतं, तो त्रास इथे नाही. एकापेक्षा जास्त अटी लिहिल्या तर त्या सगळ्या एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. "ही किंवा ती" हवं असेल तर त्या एनी नावाच्या टॅगच्या आत घाला.

आता दोन्ही कार्डांवर, पण तिसऱ्या व्हीपीएनवर नाही, असं हवं असेल तर? लोक इथे अडतात. वाइल्डफ्लायचा एक इंटरफेस शेवटी एकाच पत्त्यावर येऊन थांबतो, एनी ॲड्रेस सोडून. म्हणून दुसरा इंटरफेस नव्याने लिहा, समजा काटा. सॉकेट बाइंडिंग ग्रुपमध्ये एक नवीन बाइंडिंग करा, त्याला इंटरफेस म्हणून काटा द्या, पोर्ट ८०८० च ठेवा. आणि अंडरटोमध्ये (वाइल्डफ्लायच्या आतला वेब सर्व्हर) त्या बाइंडिंगचा दुसरा एचटीटीपी लिसनर जोडा. ही तिसरी पायरी राहिली तर सगळं बरोबर दिसतं, चूक येत नाही, आणि काट्याच्या केबिनमधलं पान मात्र उघडत नाही. ट्रॅक्टर आणि ट्रकची रांग लागलेली असताना ही गोष्ट आठवण्यापेक्षा आधीच केलेली बरी.

१०. आयपीऐवजी मशीनचं नाव दिलं तर? बदलला तरी त्रास नको म्हणून.

देता येतं, पण डेबियन आणि उबंटूवर एक खोच आहे. तिथे ईटीसी होस्ट्स फाइलमध्ये मशीनचं स्वतःचं नाव बहुधा १२७.०.१.१ शी जोडलेलं असतं. हा पत्ताही लूपबॅकच. सर्व्हर निमूट उठतो, लॉग स्वच्छ, आणि बाहेरून काहीच नाही. एसएसच्या यादीत १२७.०.१.१ दिसलं की समजा हेच आहे. नावाऐवजी सबनेट मॅच वापरा (प्रश्न ९).

११. आयपीव्ही६ पत्ता दिला तर घेतच नाही.

स्टँडअलोन डॉट कॉन्फमध्ये जावा ऑप्ट्सच्या ओळीत प्रिफर आयपीव्ही४ स्टॅक बरोबर ट्रू असं आधीपासून लिहिलेलं असतं. ते असेपर्यंत जावाला आयपीव्ही६ दिसतच नाही. फॉल्स करा. ब्राउझरमध्ये असा पत्ता चौकटी कंसात टाकावा लागतो, नाहीतर त्यातले कोलन आणि पोर्टचा कोलन यांचा घोळ होतो.

१२. आमच्याकडे टॉमकॅट आहे. तिथे हे सगळं कुठे असतं?

टॉमकॅटची सवय उलटी आहे. तो मुळातच सगळ्या पत्त्यांवर ऐकतो, तुम्हाला शटर खाली ओढावं लागतं. सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये कनेक्टर टॅगला ॲड्रेस ही ॲट्रिब्यूट जोडा आणि रीस्टार्ट करा. प्रत्येक कनेक्टरला वेगळी लिहावी लागते. ८००५ चं शटडाउन पोर्ट लोकलहोस्टवरच असतं, त्याला हात लावू नका.

एजेपी कनेक्टरची (पुढचा अपाची वेब सर्व्हर ज्यातून टॉमकॅटशी बोलतो) गोष्ट वेगळी. २०२० च्या फेब्रुवारीत घोस्टकॅट नावाचा दोष उघड झाला, उघड्या ८००९ पोर्टमधून सर्व्हरवरच्या फायली वाचता येत होत्या. त्यामुळे ९.०.३१ आणि ८.५.५१ पासून एजेपी फक्त लूपबॅकवर ऐकतो आणि सीक्रेट मागतो. अपग्रेडनंतर पुढच्या मशीनवरचा अपाची अचानक बोलेनासा झाला असेल तर कारण हे.

स्प्रिंग बूट वापरणाऱ्यांसाठी: ॲप्लिकेशन डॉट प्रॉपर्टीजमध्ये सर्व्हर डॉट ॲड्रेस. आतला टॉमकॅट तोच, सवयही तीच.

१३. ८०८० लिहायला लावायचं नाही, थेट ८० आणि ४४३ वर हवंय.

लिनक्सवर १०२४ च्या खालची पोर्टं साध्या युजरला मिळत नाहीत. म्हणून सर्व्हर रूट म्हणून चालवणारे मी पाहिलेत. तसं करू नका. पुढे एनजिनएक्स (बाहेरच्या विनंत्या घेऊन आत पाठवणारा वेब सर्व्हर, म्हणजे प्रॉक्सी) बसवा आणि वाइल्डफ्लाय १२७.०.०.१ वरच राहू द्या. अशा वेळी मूळची सेटिंगच योग्य असते, डॅश बी ची गरजच नाही. लिसनरवर प्रॉक्सी ॲड्रेस फॉरवर्डिंग ट्रू करा, नाहीतर लॉगमध्ये प्रत्येक गिऱ्हाईक १२७.०.०.१ वरूनच आल्यासारखं दिसतं.

एनजिनएक्स नको असेल तर सिस्टिमडी सेवेत ॲम्बियंट कॅपॅबिलिटीजच्या ओळीत कॅप नेट बाइंड सर्व्हिस द्या. जावाच्या फाइलवर थेट सेटकॅप मारू नका. मग जावा स्वतःचीच लायब्ररी सापडत नाही म्हणून रडायला लागतो.

१४. डॉकरमध्ये काय द्यायचं?

कंटेनरच्या आत ०.०.०.० च. आतला १२७.०.०.१ म्हणजे कंटेनरचा स्वतःचा लूपबॅक, बाहेरून आलेलं तिथे पोचत नाही. शटर खाली ओढायचं ते बाहेर, पोर्ट पब्लिश करताना: १२७.०.०.१ कोलन ८०८० कोलन ८०८०. पुढचा पत्ता गाळला तर डॉकर सगळ्या कार्डांवर उघडतो, आणि तेही यूएफडब्ल्यूला, म्हणजे उबंटूच्या फायरवॉलला, बगल देऊन. यूएफडब्ल्यूची यादी बंद दाखवते आणि पोर्ट उघडं असतं.

१५. दोन सर्व्हरचा क्लस्टर केला, एकमेकांना दिसत नाहीत.

एचए फाइलमध्ये (स्टँडअलोन डॅश एचए डॉट एक्सएमएल) प्रायव्हेट नावाचा तिसरा इंटरफेस असतो, जेग्रुप्स (क्लस्टरमधल्या सर्व्हरचं आपसातलं बोलणं सांभाळणारा भाग) त्यावर बोलतो, आणि तोही मुळात १२७.०.०.१ वर असतो. प्रत्येक मशीनवर डॅश बीप्रायव्हेटला त्या मशीनचा खरा पत्ता द्या. ०.०.०.० इथे चालवू नका: क्लस्टरमधला सर्व्हर इतरांना "मला या पत्त्यावर शोधा" असं सांगतो, आणि ०.०.०.० वर कुणी कुणाला शोधू शकत नाही. तरीही जमलं नाही तर स्विच मल्टिकास्ट अडवतोय का बघा, किंवा टीसीपी स्टॅक वापरा आणि ७६०० उघडा.

१६. सोप सर्व्हिस चालते, पण डब्ल्यूएसडीएलमध्ये (सर्व्हिसचं वर्णन देणारी फाइल) भलताच पत्ता छापून येतो.

वेबसर्व्हिसेस सबसिस्टिममध्ये डब्ल्यूएसडीएल होस्ट नावाची ओळ आहे, तीही जेबॉस डॉट बाइंड डॉट ॲड्रेसवरूनच भरते. म्हणजे ऐकायचा पत्ता आणि सांगायचा पत्ता एकच धरला जातो, जे प्रॉक्सीमागे कधीच खरं नसतं. तिथे जेबॉसडब्ल्यूएस डॉट अनडिफाइन्ड डॉट होस्ट लिहा; मग ज्या नावाने विनंती आली तेच नाव छापलं जातं.

१७. बँकेने आमचा एकच आयपी मंजूर केलाय. तोच पत्ता बाइंड केला तरी त्यांचा एपीआय नकार देतो.

बाइंड ॲड्रेस आत येणाऱ्यांसाठी असतो. तुमचा सर्व्हर बाहेर जातो तेव्हा कुठल्या कार्डाने जायचं हे मशीनचं राउटिंग ठरवतं, आणि बँकेला राउटरबाहेरचा पत्ता दिसतो. दोन इंटरनेट लाइन असतील तर राउटरमध्ये बँकेचा रस्ता ठरावीक लाइनने बांधा. वाइल्डफ्लायच्या आउटबाउंड सॉकेट बाइंडिंगला सोर्स इंटरफेस देता येतो, पण तो मेलसारख्या ज्या गोष्टी ते बाइंडिंग वापरतात त्यांनाच लागू होतो. ॲप्लिकेशनने स्वतः उघडलेल्या एचटीटीपी कनेक्शनला तो लागू होत नाही.

१८. डिबग पोर्ट ८७८७ ला डॅश बी लागू होतो का?

नाही. ते पोर्ट जेव्हीएमचं, म्हणजे खालच्या जावाचं आहे, वाइल्डफ्लायचं नाही. इंटरफेसेसमधलं काहीच त्याला कळत नाही. जावा ९ पासून नुसता पोर्ट क्रमांक दिला तर डिबगर फक्त लोकलहोस्टवर ऐकतो. जावा ८ मध्ये तोच पर्याय सगळ्या पत्त्यांवर उघडायचा. जुन्या स्क्रिप्टा नव्या जावावर आणल्या की "रिमोट डिबग बंद पडलं" म्हणून फोन येतो, आणि कुणीतरी पोर्टाआधी तारांकन चिन्ह आणि कोलन टाकून ते पुन्हा सगळ्यांसाठी उघडतं. या पोर्टाला पासवर्ड नाही. जो जोडला जाईल तो हवा तो कोड चालवतो. लांबून डिबग करायचंच असेल तर प्रश्न ४ मधला बोगदा इथेही चालतो, फक्त आकडा ८७८७. आणि काम झालं की डिबगची ओळ कॉन्फ फाइलमधून काढूनच टाका. कॉमेंट करून ठेवलेली ओळ सहा महिन्यांनी दुसराच कुणीतरी उघडतो.